शाळेला दुर्बीण घ्यावी की अ‍ॅस्ट्रोसॅटच्या अतिनील नोंदी शिकवाव्यात? (सातारा, वर्गणी जमली आहे)

अजिंक्यताऱ्याखाली

आमचं गाव सातारा तालुक्यात, हायवेपासून चार किलोमीटरवर. गावच्या शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांनी १ लाख ४० हजार रुपये जमवले. त्यातून आठ इंची दुर्बीण घ्यायची असं बैठकीत जवळपास ठरलं. मी विरोध केला आणि एकटा पडलो. म्हणून इथे मांडतो.

माझं म्हणणं असं की याच पैशात तीन-चार बरे संगणक, नेट आणि वर्षभर दर शनिवारी शिकवायला येणारा एक जाणकार माणूस, एवढं करावं. आठवी-नववीच्या मुलांनी आपल्याच उपग्रहाने घेतलेली अतिनील निरीक्षणं स्वतः उघडून बघावीत.

एप्रिलमध्ये रात्री नऊला पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे नारिंगी स्वाती, उजवीकडे पांढरी चित्रा. डोळ्यांना स्वाती कितीतरी ठळक. पण स्वातीच्या पृष्ठभागाचं तापमान ४,३०० केल्विनच्या आसपास, तर चित्रेचं २० हजारांच्या वर. तारा जितका तापलेला तितका त्याचा प्रकाश आखूड तरंगलांबीकडे सरकतो. चित्रेचा बहुतेक प्रकाश अतिनीलमध्येच बाहेर पडतो. आपल्याला अतिनील दिसत असतं तर चित्रा झगझगली असती आणि स्वाती शोधावी लागली असती. म्हणजे आजीने दाखवलेलं आकाश हे खऱ्या आकाशाचा एक पदर आहे. दुसरा पदर जमिनीवरून दिसतच नाही, कारण ओझोन तो प्रकाश खाली येऊ देत नाही. आठ इंची आणा नाहीतर ऐंशी इंची.

तो पदर बघायला भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट हा उपग्रह पाठवला. जमिनीपासून ६५० किलोमीटरवर. त्यावरच्या यूव्हीआयटी या अतिनील उपकरणामध्ये ३७.५ सेंटीमीटर आरशाच्या दोन दुर्बिणी आहेत. एका वेळी जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढा आकाशाचा तुकडा दिसतो, आणि नासाच्या गॅलेक्स या अतिनील उपग्रहापेक्षा सुमारे तिप्पट बारकाईने. त्याच्या नोंदी ठरावीक काळानंतर सगळ्यांना खुल्या होतात. साताऱ्यातल्या पोराला त्या बघायला कोणाची परवानगी लागत नाही. मग जून ते सप्टेंबर पावसात झाकून ठेवावी लागणारी आणि उरलेले महिने हायवेच्या उजेडाशी झगडणारी दुर्बीण कशाला?

हरिपूरचा संगम

दादा, तळमळ पटते, मत अजिबात पटत नाही.

मी सांगलीचा. आम्ही मित्र हरिपूरला संगमावर एक जुनी सहा इंची दुर्बीण लावतो. शनी लावला की लोक रांगेत उभे राहतात. एकदा एक मुलगी, सहावीतली असेल, बघून बाजूला झाली, काही बोलली नाही, आणि गुपचूप पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तीन वेळा. कडी दिसली का विचारलं तर म्हणाली, "ती खरंच तिथं आहे?"

हा प्रश्न संगणकाच्या पडद्यासमोर पडत नाही. पडद्यावर तिने शंभर चित्रं बघितलेली असतात, आणि त्यात खरं काय, बनवलेलं काय, हे तिला कळायचा मार्ग नसतो. तुमच्या अतिनील चित्रांचे रंग तरी खरे कुठे असतात? डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाला रंग कुठला? कोणीतरी बसून निळा नाहीतर जांभळा देतो. म्हणजे मुलं तारे बघणार नाहीत, ताऱ्यांवर कोणीतरी केलेलं रंगकाम बघतील.

आधी आकाशाची ओढ लागू दे. नोंदी कॉलेजात गेल्यावर बघतील.

अजिंक्यताऱ्याखाली

रंग दिलेले असतात, मान्य. पण मी रंगीत चित्रं दाखवा म्हणत नाहीये, त्याच्या आधीची गोष्ट दाखवा म्हणतोय. यूव्हीआयटी सेकंदाला सुमारे २९ चौकटी घेतो आणि प्रत्येक चौकटीत कुठे कुठे एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, येऊन पडला ते मोजतो. मुलाने डीएस९ सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की त्याच्यासमोर ती मोजणी असते. या ताऱ्याकडून किती आले, शेजारच्या कोऱ्या जागेत किती, वजाबाकी करून उरले किती. यात रंगकाम नाही, हिशोब आहे. तुमच्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर याच हिशोबात आहे.

आणि कॉलेजात गेल्यावर म्हणता, तर आमच्या शाळेतली निम्मी मुलं विज्ञान शाखेला जातच नाहीत.

द्राक्षबाग_तासगाव

एक अनुभव सांगतो. आमच्या भागातल्या एका शाळेला देणगीतून दुर्बीण मिळाली होती. पहिलं वर्ष कौतुक झालं. मग शिकवणाऱ्या सरांची बदली झाली, दुर्बीण कपाटात गेली. दोन पावसाळ्यांनी काढली तर नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, बुरशीचं जाळं. आम्ही बेदाण्याची इतकी काळजी घेतो, ओल लागू देत नाही, आणि ती वस्तू अशीच गेली.

पण संगणकाचं काय वेगळं होणार? तेही तीन वर्षांत जुने होतात. माणूस टिकला तर दोन्ही टिकेल. उपग्रह तरी किती दिवस चालणार?

निवृत्त_भौतिकशास्त्र

धागाकर्त्यांच्या दोन विधानांची दुरुस्ती करायला हवी.

पहिली गोष्ट. चित्रेचं उदाहरण सुंदर आहे, पण यूव्हीआयटीच्या नोंदींत चित्रा शोधू नका. इतक्या प्रखर ताऱ्याकडे तो वळवत नाहीत, त्याचा शोधक, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, खराब होईल. शिवाय त्याची जवळच्या अतिनीलची, म्हणजे २०० ते ३०० नॅनोमीटरची वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली. दूरच्या अतिनीलची, १३० ते १८० नॅनोमीटरची, त्यानंतरही काम करत राहिली. उपग्रह बनवला पाच वर्षांसाठी आणि चालला त्याहून कितीतरी जास्त. द्राक्षबागवाल्यांना हे उत्तर. उपग्रह थांबला तरी नोंदी राहतात. १९७८ ते १९९६ चाललेल्या आययूई या अतिनील उपग्रहाच्या नोंदी आजही वापरतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अतिनील जमिनीवर पोहोचतच नाही हे अर्धसत्य आहे. ओझोन साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवतो. ३२० ते ४०० मधला बराचसा खाली येतो, उन्हात कातडी रापते ती त्यानेही. आणि या खिडकीतून एक मोठी गोष्ट सापडली आहे. शुक्र साध्या प्रकाशात कोरा पांढरा दिसतो. अतिनीलमध्ये त्याच्या ढगांवर गडद पट्टे उमटतात, त्यातला काही भाग सल्फर डायऑक्साइडमुळे, उरलेला प्रकाश नेमकं काय शोषतं यावर अजून वाद आहे. १९५७ मध्ये आफ्रिकेत ब्रॅझाव्हिलला राहणारे शार्ल बोयर या हौशी निरीक्षकाने स्वतःच्या साधारण दहा इंची दुर्बिणीतून शुक्राचे असे फोटो काढले आणि त्यांच्या लक्षात आलं की तेच पट्टे चार दिवसांनी परत येतात. शुक्र स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो, आणि त्याचे ढग चार दिवसांत प्रदक्षिणा करतात! बऱ्याच जणांनी मानलं नाही. १९७४ मध्ये मरिनर १० हे यान शुक्राजवळून गेलं, त्याच्या अतिनील छायाचित्रांत तेच दिसलं.

तेव्हा आठ इंची दुर्बीण, अतिनील गाळणी (फिल्टर) आणि साधा कृष्णधवल कॅमेरा. साताऱ्यातून हे करता येईल.

अजिंक्यताऱ्याखाली

सर, दोन्ही चुका मान्य. बोयर यांची गोष्ट मला ठाऊक नव्हती, दोनदा वाचली.

तरी एवढं म्हणेन की ती खिडकी फार अरुंद आहे. हायड्रोजनची सर्वांत महत्त्वाची रेषा, म्हणजे तो शोषतो ती ठरावीक तरंगलांबी, १२१.६ नॅनोमीटरला, ती खाली येणं अशक्य. त्याच रेषेत हबल या अवकाश दुर्बिणीने महाअश्व तारकासमूहातला एक परग्रह पाहिला. तो ताऱ्यासमोरून जाताना साध्या प्रकाशात तारा दीड टक्का मंद होतो, या रेषेत सुमारे १५ टक्के. ग्रहाभोवती हायड्रोजनचा एवढा मोठा ढग पसरलाय, म्हणजे ताऱ्याच्या उष्णतेने त्याचं वातावरण उडून चाललंय. हे २००३ सालचं. किंवा आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कनक साहा यांच्या गटाचं २०२० चं काम घ्या. ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतून निघालेला तीव्र अतिनील प्रकाश. २८ तासांहून जास्त बघत राहून तो यूव्हीआयटीने पकडला. हबलचा आरसा २.४ मीटरचा, तरी हबलला तो दिसला नव्हता, कारण यूव्हीआयटीच्या शोधकात फालतू गोंगाट फार कमी. साताऱ्याहून पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटर. हे काम मुलांना शेजारच्या घरातलं वाटायला हवं.

हरिपूरचा संगम

शेजारच्या घरातलं वाटेल, पण कधी? मुलीने दुर्बिणीत तारा मंद होताना एकदा तरी स्वतः बघितला असेल तर. मागच्या वर्षी आमच्या एका कार्यकर्त्याने मुलांना असंच "ग्रहाचं वातावरण उडून चाललंय" सांगितलं. मुलांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. इतिहासाच्या सनावळ्या लिहितात तसं. मला त्याची भीती वाटते.

कासची_पायवाट

मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते, सप्टेंबरात मुलांना कासला नेते. तुम्ही सगळे वरून सुरुवात करताय, मी खालून सांगते.

न दिसणारा प्रकाश खरा असतो हे मुलांना आधी हातात द्यावं लागतं. मधमाशीला अतिनील दिसतं. आपल्याला सलग पिवळी दिसणारी कितीतरी फुलं तिला मधोमध गडद ठिपका असलेली दिसतात, मध कुठे आहे त्याची खूणच. आणि विंचू! पठारावर रात्री अतिनील बॅटरी मारली की दगडाखालचा विंचू हिरवट-निळा चमकतो. मुलं किंचाळतात. आपल्याला दिसतो तो अतिनील नव्हे, अतिनील शोषून विंचवाने परत टाकलेला प्रकाश, हे समजावायला मला पूर्ण एक तास लागतो, पण तो तास मुलं विसरत नाहीत. बाजारात नोटा तपासायला असतो तसला दिवा घेतला तरी सुरुवात होते. दीड लाख लागत नाहीत.

हरिपूरच्या दादांचं एक पटतं, नुसतं सांगून उपयोग नाही. पण अनुभव म्हणजे नेत्रिकेला डोळा लावणं एवढंच, हे मला मान्य नाही. वजाबाकी करून उरलेले फोटॉन मोजणं हाही अनुभव आहे. माझ्या वर्गात गणितात रमणारी एक मुलगी आहे, तिला अंधारात रांगेत उभं राहायला घरून परवानगी मिळत नाही. शनिवारी सकाळी संगणकावर ती येऊ शकते. दुर्बिणीचा कार्यक्रम रात्रीच असतो, याचा विचार तुमच्या बैठकीत कोणी केला का?

हरिपूरचा संगम

ताई, नाही केला. आमच्या रांगेतही मोठ्या मुली कमीच असतात, आणि त्याचं कारण मी कधी कोणाला विचारलं नाही.

तरीही माझं मत दुर्बिणीलाच. पण शुक्र संध्याकाळच्या आकाशात असतो त्या महिन्यांत तो सूर्यास्तानंतर लगेच दिसतो, तेव्हा मुली येऊ शकतील. सरांची गाळणी घेऊन सुरुवात शुक्रापासून करता येईल.

द्राक्षबाग_तासगाव

त्या कपाटातल्या दुर्बिणीचं आज शाळेत विचारलं. आरसा चांगला आहे म्हणाले, फक्त नेत्रिका गेली. तुमच्या बैठकीआधी हवी असेल तर रविवारी साताऱ्याला घेऊन येतो. सर, आरसा तपासायला तुम्ही असाल का?

निवृत्त_भौतिकशास्त्र

असेन. ओल शोषायला सिलिका जेल मी आणतो. आरसा कोणी कापडाने पुसू नका.

अजिंक्यताऱ्याखाली

मग नव्या दुर्बिणीचे पैसे वाचतात आणि माझा मुद्दा बैठकीत पुन्हा मांडता येतो. हरिपूरचे दादा, तुम्हीही या, आणि विरोधातच बोला. ताई, विंचवाची बॅटरी तेवढी आणा.