घरगुती इन्क्युबेटर: पिल्लं दीड-दोन दिवस उशिरा, सात अंड्यांत पूर्ण वाढलेलं पिल्लू मेलेलं

खुराडा_२४

पेटी थर्मोकोलची, बाहेरून ६० × ४० × ४० सेंमी, भिंत ४ सेंमी जाड. एका टोकाला ४० वॅटचे दोन साधे बल्ब, कंट्रोलर डब्ल्यू १२०९, सेट ३७.५, फरक ०.५. पंखा नाही. सेन्सर झाकणातून आत सोडलाय, अंड्यांच्या वर वीतभर. बल्बखाली पाण्याचा पसरट वाडगा. आर्द्रता सगळे दिवस ६५ ते ७० टक्के. अंडी १८ व्या दिवसापर्यंत रोज तीनदा हाताने फिरवली.

२४ अंड्यांचा हिशेब असा: ५ कोरी, ३ मध्ये रक्ताचं कडं, ७ मध्ये पिल्लू पूर्ण वाढून कवचातच मेलं, ९ फुटली. फुटायला सुरुवात २२ व्या दिवशी संध्याकाळी, शेवटचं २३ व्या दिवशी रात्री. पिल्लं सुस्त, पोट मोठं आणि मऊ. मेलेली फोडून पाहिली तर आत ओलं, चिकट पाणी.

चूक तापमानाची, पाण्याची की अंड्यांची? पुढच्या खेपेआधी नेमकं काय बदलू?

मधला_बल्ब

उशीर झाला म्हणजे अंड्यांना ऊब कमी पडली. डिस्प्लेवर ३७.५ दिसत असलं तरी ते झाकणाजवळच्या हवेचं तापमान. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर साचते आणि वीतभर खाली सहज एक-दोन अंशांचा फरक पडतो. मुळात ३७.५ हा आकडा पंख्याच्या पेटीसाठी आहे. बिनपंख्याच्या पेटीत अंड्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या उंचीवर मोजून ३८.३ ते ३८.८ लागतं. तुम्ही आकडा एका पद्धतीचा घेतलात आणि पेटी दुसऱ्या पद्धतीची.

बिनपंख्याच्या पेटीशी झगडत बसू नका. कॉम्प्युटरमधला ८० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा लावा. डब्ल्यू १२०९ लाही १२ व्होल्टच लागतात, म्हणून १ अँपिअरच्या एकाच ॲडॅप्टरवर दोन्ही चालतात. पंख्याची वायर थेट ॲडॅप्टरला जोडा, रिलेतून (कंट्रोलरमधला बल्ब चालू-बंद करणारा स्विच) नेऊ नका. रिलेतून नेली की बल्ब विझताना पंखाही थांबतो आणि हवा पुन्हा थरांत बसते. पंखा बल्बच्या वरच्या बाजूला, झोत बल्बवरून समोरच्या भिंतीकडे जाईल असा ठेवा. अंड्यांवर थेट वारा नको.

सेन्सरचं टोक अंड्यांच्या मधोमध, अंड्याच्याच उंचीवर आणि बल्बचा उजेड थेट पडणार नाही अशा जागी हवं. उजेड पडला तर हवा गार असतानाही सेन्सर तापतो.

आता सेटिंग. कंट्रोलरच्या पी० या सेटिंगमध्ये एच (गरम करायचं) हवं. मॉड्यूल येतं तेव्हा बहुधा सी (गार करायचं) असतं आणि पेटी गरम झाल्यावर बल्ब लागतो. तुमचं बरोबर असणार, नाहीतर एकही पिल्लू निघालं नसतं. पी१ म्हणजे बल्ब विझण्या-लागण्यातला फरक. एच मध्ये बल्ब ३७.५ ला विझतो आणि ३७.० ला लागतो, म्हणजे सरासरी ३७.५ च्या खालीच राहते. पी१ ०.२ करा, सेट ३७.६ ठेवा.

त्याआधी सेन्सर खरं बोलतो का ते तपासा. ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरचं टोक आणि सेन्सरचं टोक रबरबँडने एकत्र बांधा, मगभर ३८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुडवा आणि ढवळत राहा. तो थर्मामीटर सर्वांत जास्त आलेला आकडा धरून ठेवतो, म्हणून प्रत्येक मापाआधी बंद करून पुन्हा चालू करा. जो फरक येईल तो पी४ मध्ये, म्हणजे सेन्सरचा आकडा दुरुस्त करायच्या सेटिंगमध्ये, भरा. बर्फाच्या पाण्यात शून्य जुळवून भागत नाही. ३८ ला तेच सेन्सर अर्ध्या अंशाने चुकू शकतात.

चोचीवर_लक्ष

ऊब कमी होती हे पटतं. पण ती सात पिल्लं मुख्यतः पाण्याने गेली. १८ दिवस ६५-७० टक्के म्हणजे फार. अंड्यातून पुरेसं पाणी उडालं नाही की बोथट टोकाची हवेची पोकळी लहान राहते. पिल्लू कवच फोडण्याआधी चोच त्या पोकळीत घालून पहिला श्वास घेतं. तिथे जागाच नसेल आणि भोवती पाणी असेल तर ते आतच गुदमरतं. मोठं मऊ पोट हेही याच जोडीचं लक्षण: ऊब कमी, ओल जास्त.

पहिले १८ दिवस ४५ ते ५० टक्के, नंतर ६५ ते ७०. मात्र आर्द्रतामापकावर विसंबू नका, वजनावर चाला. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटायला हवं. सहा अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा आणि ती एकत्र तोला. समजा भरली ३३० ग्रॅम. सहाव्या दिवशी ३१७ च्या आसपास, बाराव्या दिवशी ३०४, अठराव्या दिवशी २९०. वजन याहून जास्त उरलं तर पाणी कमी करा, कमी उरलं तर वाढवा. ओल वाढते ती पाण्याच्या पृष्ठभागाने, खोलीने नाही. वाडग्याच्या जागी दोन अरुंद ट्रे ठेवा, आधी एकच भरा.

मापक तपासायचा तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा आणि मापकासह घट्ट पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ७५ दाखवायला हवं.

रक्ताचं कडं म्हणजे गर्भ पहिल्या काही दिवसांतच गेला. अंडी आठवड्याहून जुनी, वाहतुकीत हादरलेली, किंवा सुरुवातीलाच तापमान उड्या मारणारं. रिकामी पेटी पाणी भरून निदान २४ तास चालवा, आकडा स्थिर झाल्यावरच अंडी ठेवा. पाच कोरी अंडी बहुधा फळलेलीच नव्हती, त्याला पेटी काय करणार. त्याच कोंबड्यांची दोन ताजी अंडी फोडून बलकावरचा पांढरा ठिपका पाहा: फळलेल्यात तो गोल कड्यासारखा दिसतो, न फळलेल्यात लहान, भरीव आणि वेड्यावाकड्या कडेचा.

वायरमन

८० वॅट या पेटीला फार होतात. ४ सेंमी थर्मोकोल आणि बाहेर २५ अंश असतील तर भिंतींतून जेमतेम १२-१५ वॅट उष्णता जाते, हवेची भोकं आणि पाणी धरून २५ च्या आत. मोठे बल्ब झटक्यात तापवतात आणि विझल्यावरही आकडा चढतच राहतो. २५ वॅटचे दोन समांतर लावा. एक उडाला तरी दुसरा पेटी सांभाळतो. ४० चे दोन मालिकेत जोडायचा सल्ला मिळतो. त्यात बल्ब लालसर जळतात आणि खूप टिकतात खरे, पण एक गेला की दोन्ही गेले. पिल्लं आत असताना मला तो सौदा नको. एलईडीचा तर इथे उपयोगच नाही, तो पुरेसा तापत नाही.

बल्ब थर्मोकोलपासून दहा सेंमी तरी लांब हवा. होल्डर थर्मोकोलमध्ये खुपसू नका. थर्मोकोल मऊ पडून होल्डर कलंडतो आणि बल्ब भिंतीला टेकतो. प्लायवुडच्या पट्टीवर स्क्रूने बसवा. बल्बभोवती भोकं पाडलेला पत्र्याचा डबा उभा करा, म्हणजे जवळच्या ओळीतली अंडी एका अंगाने भाजत नाहीत. डब्याला अर्थिंग द्या.

रिले हा या मॉड्यूलचा कच्चा दुवा. काँटॅक्ट चिकटले की बल्ब विझतच नाही. म्हणून बल्बच्या लाइनमध्ये मालिकेत दुसरा स्वतंत्र थर्मोस्टॅट घाला, ३८.५ ला तोडणारा.

खुराडा_२४

पंखा, २५ चे बल्ब, डबा, दुसरा थर्मोस्टॅट, सगळं बसवलं. सेन्सर ०.६ जास्त दाखवत होता, पी४ मध्ये -०.६ भरलं. रिकाम्या पेटीचे चार कोपरे: ३७.४, ३७.६, ३७.३ आणि बल्बकडचा ३८.१. हा चालेल? आणि वीज गेली तर?

मधला_बल्ब

०.६ जास्त दाखवत होता म्हणजे ऊब आणखीच कमी होती, उशिराचा हिशेब जुळला. ३८.१ चा कोपरा रिकामा सोडा, किंवा तिथे पाण्याने भरलेली लिटरची बाटली आडवी ठेवा. आणखी एखादी बाटली दुसऱ्या टोकाला ठेवलीत तर वीज गेल्यावर पेटी हळू निवते. वीज आल्यावर मात्र त्याच बाटल्या तापायला वेळ घेतात, घाबरून सेट वाढवू नका. तासा-दोन तासांचा खंड गर्भ सहसा सोसतो. थोडं गार झालेलं तो सोसतो, ४० च्या वर गेलेलं नाही.

चोचीवर_लक्ष

वीज गेल्यावर वरून गोधडी टाकायची ती पहिल्या दोन आठवड्यांत. १५ व्या दिवसानंतर अंडी स्वतःच उष्णता देतात आणि त्यांना हवाही जास्त लागते. तेव्हा गोधडी टाकली तरी भोकं उघडी राहू द्या. १२ मिमीची दोन खाली, दोन समोरच्या बाजूला झाकणाजवळ एवढी पुरेत.

१८ व्या दिवशी अंडी आडवी ठेवून फिरवणं बंद. खाली खरखरीत जाळी किंवा जुना टॉवेल घाला. वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात. दुसरा ट्रे भरा आणि झाकण लावून टाका. पहिला तडा दिसल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात. मध्ये उघडलंत तर ओल एका क्षणात उडते आणि बाकीच्यांच्या अंगाला आतलं पातळ कातडं सुकून चिकटतं. आधी निघालेली पिल्लं दिवसभर तशीच आत राहिली तरी उपाशी मरत नाहीत, पोटातल्या बलकावर त्यांचं भागतं.