जुन्या जीपला मोठं इंजिन बसवलंय, ब्रेक मात्र जुनेच – कोकणात पावसात कशी चालवायची?

गुहागरकर_जीपवाला
नमस्कार मंडळी. मामाची जुनी लो बॉनेट जीप आता माझ्याकडे आलीये. मामानं हौसेनं तिच्यात मोठं पेट्रोल इंजिन बसवून घेतलं होतं, बाहेर आलेले रुंद टायर, उघडी बॉडी, पिकअप असा की दुसऱ्या गिअरमध्येच गाडी उसळते. पण चारही ड्रम ब्रेक, पॉवर स्टिअरिंग नाही, पट्टा फक्त कमरेचा. परवा आरे-वारेच्या उतारावर वळणापलीकडे गुरं बसलेली होती, ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी थांबता थांबेना, एका बाजूला ओढली गेली ते वेगळंच. बायको आणि छोटी मुलगी पण बसतात हिच्यात. विकायची अजिबात नाहीये. मिरग तोंडावर आलाय, आधी काय बघू आणि चालवताना काय सांभाळू ते सांगा.

चिपळूणचा_मिस्त्री
भाऊ, एका बाजूला ओढते म्हणजे एखाद्या चाकाचा लायनर (ड्रमला घासणारं ब्रेकचं अस्तर) ऑइलनं भिजलाय नाहीतर व्हील सिलिंडर जाम झालाय, ते दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढूच नका. दुसरं, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलतो तो) बघा, या जुन्या जीपना एकच सर्किट असतं, म्हणजे एका चाकाचा पाईप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला, पेडल थेट जमिनीला. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंडी ब्रेक पाईप आतून-बाहेरून गंजतात आणि वरून रंग मारलेला असला की कळतही नाही. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि सगळे पाईप नवे, हा खर्च सगळ्यात आधी करा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना साधारण २०५ डिग्रीला उकळतं, पाणी शिरल्यावर तेच १४० च्या आसपास उकळायला लागतं, आणि कुंभार्लीसारखा घाट सतत ब्रेक दाबून उतरलात तर तेवढी उष्णता सहज होते, ऑइलची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. त्यात ड्रम तापून फुगतो आणि आतल्या ब्रेक शूपासून (लायनर लावलेली पट्टी) लांब जातो, मग कितीही दाबा. म्हणून घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणं बंद. आणि पाण्यातून गाडी काढली की ड्रम ओले होतात, लगेच वेग घेऊ नका, हळू चालवत ब्रेक हलका दाबून ते सुकवून घ्या.

टाय रॉड, किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन), स्टिअरिंग बॉक्सचा प्ले म्हणजे ढिलेपणा, हे पण बघून घ्या. टायर रिमसकट बॉडीच्या बाहेर आलेत ना, त्याचा सगळा भार किंगपिन आणि बेअरिंगवर येतो.

रत्नागिरी_रोडस्टर
अमेरिकेत हॉट रॉड म्हणतात ना, तो सगळा प्रकार हाच, कॅलिफोर्नियातली पोरं १९३२ च्या हलक्या फोर्डचं इंजिन आणखी पळवायची, पण फोर्डचे ब्रेक तेव्हा सळयांवर चालायचे, हायड्रॉलिक आले ते १९३९ च्या मॉडेलला. मग जाणत्या लोकांनी काय केलं, १९३९ नंतरच्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक काढून जुन्या गाड्यांना बसवायला सुरुवात केली. मला वाटतं तुमच्या मामांच्या जीपमध्ये नेमकं हेच राहून गेलंय, इंजिन पुढे गेलं आणि बाकी गाडी जागेवरच राहिली, म्हणून पुढच्या चाकांना तरी डिस्क ब्रेक बसवून घ्या.

आता अपघात झालाच तर काय, तेही बघा. तुमच्या जीपला दबून धक्का पिणारं नाक नाही, एअरबॅग नाही, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीच्या रोखानं येतो, आताच्या गाड्यांसारखा तो आत दबत नाही. नुसत्या कमरेच्या पट्ट्यानं कंबर धरली जाते, डोकं आणि छाती पुढे आदळतातच. तीन पॉइंटचा पट्टा घाला, पण त्याचे बोल्ट पत्र्यात नकोत, चेसिसला किंवा जाड प्लेट लावून मजबूत जागी. रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळीची कमान) लावलात तर डोक्याजवळच्या नळीला कडक फोम हवाच, हेल्मेट नसताना त्याच नळीवर डोकं फुटतं. आणि मुलीला मागच्या आडव्या बाकावर कृपया बसवू नका, आडवं बसलेल्या माणसाला पट्टा समोरच्या धडकेत नीट धरत नाही. पुढे तोंड करून नीट सीट बसेपर्यंत तिला या गाडीतून नेऊच नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

मालवणी_चालक
मुलीचो मुद्दो एकदम बरोबर. रे भावा, ब्रेक आदी, बाकीचा सगळा मगे.

आता चालवण्याचं सांगतो. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १७ मीटर जाते. गुरं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर गेले, आणि चांगला ब्रेक असेल तरी सुक्या रस्त्यावर पुढे साधारण २० मीटर लागतात, ओल्यात त्याच्या दीडपट-दुप्पट. ८० ला ब्रेकचं अंतर ६० च्या पावणेदोनपट होतं. म्हणून जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. आपल्या वाटा जांभ्याच्या कातळातून कापलेल्या, आतल्या बाजूला वळणापलीकडचं काही दिसत नाही, हॉर्न देऊन हळू घ्या, आणि वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नको. तुमचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) दोन मीटरच्या आसपास, वजन वर आणि मागचं टोक हलकं, त्यामुळे ओल्या वळणात एकदम ब्रेक दाबला किंवा झटक्यानं गिअर पाडला तरी मागचं फिरतं. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, चाक लॉक झालं तर पाय थोडा सोडा, स्टिअरिंग परत ऐकायला लागेल, मग पुन्हा दाबा.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, जुलैत झाडीखालच्या आतल्या रस्त्यांवर शेवाळ, मासळीच्या टेम्पोतून पाणी गळतं ते वेगळं, आणि चिऱ्याच्या ट्रकमागे तर लाल चिखल. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात, मूळ मापाच्या जवळ या. पुढच्या गाडीपासून सुक्यात तीन सेकंद, पावसात दुप्पट. मागचे लाईट जुने आणि मंद असतील तर नवे बसवा, नाहीतर आंबोलीच्या धुक्यात मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणारच नाही. धुक्यात डिपरच ठेवा, अप्परचा उजेड परत डोळ्यावर येतो.

सावंतवाडी_७७
कागदांचं पण बोलूया, नाहीतर अपघातानंतर रडायची वेळ येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते आणि आरसीवर नोंद हवी. मामांनी ती केली होती का बघा, इंजिन नंबर जुळवून बघा. इन्शुरन्सवाल्यांना बदल कळवलेला नसेल तर क्लेम अडकू शकतो, आणि समोरच्याला इजा झाली तर तुमच्या खिशातून भरायची वेळ येऊ शकते. डिस्क, रोल बार बसवण्याआधीच आरटीओत विचारून घ्या.

गुहागरकर_जीपवाला
खूप आभार सगळ्यांचे. आरसीवर जुनाच इंजिन नंबर आहे, उद्या मामांना फोन करतो. जीप शेडमध्ये उभी केलीये, पाईप आणि मास्टर सिलिंडर झाल्याशिवाय बाहेर काढणार नाही. टायर किती जुने आहेत ते कसं ओळखायचं? नक्षी तर भरपूर शिल्लक आहे.

चिपळूणचा_मिस्त्री
नक्षीवर जाऊ नका, रबर उन्हानं आणि वयानं कडक होतं. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा, लगेच काढा. आणि चारही टायर एकाच प्रकारचे ठेवा, पुढे रेडियल मागे साधे असं करू नका. आकडे आतल्या बाजूला असतील तर चाक खोलून बघावं लागेल, लायनर बघायला ड्रम खोलणारच आहात, तेव्हाच बघून घ्या.