५.१ बसवलं, पण संवादच ऐकू येत नाहीत

रात्रीचा_खेळ:
रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा) आणि पाच स्पीकर अधिक सबवूफर (फक्त खोल, जड आवाजाचा स्पीकर) असा नवा ५.१ संच जोडलाय. पात्रं बोलायला लागली की आवाज वाढवायचा आणि पुढच्याच क्षणी स्फोट झाला की रिमोटकडे धाव घ्यायची, असं चाललंय. आई म्हणते, "नुसत्या टीव्हीवर निदान शब्द तरी कळत होते."

सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, टीव्हीखालच्या कप्प्यात, चांगला आतवर ठेवलाय. पुढचे दोन टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, सराउंड, म्हणजे उरलेले दोन, सोफ्यामागच्या भिंतीवर, सबवूफर कोपऱ्यात. माईक लावून रिसीव्हरचा ऑटो सेटअप (आवाज मोजून आपोआप जुळवणी) केला, तर त्याने पुढचे तिन्ही स्पीकर 'लार्ज' ठरवले. सबवूफर ३ मीटरवर आहे आणि रिसीव्हर ५ मीटर दाखवतोय. ते दुरुस्त करू का? टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरने रिसीव्हरला जातो.

कानसेन_घरचा:
आईंचं म्हणणं मनावर घ्या. शब्द कळत नसतील तर बाकी कशालाच अर्थ नाही. ५.१ मध्ये जवळजवळ सगळे संवाद सेंटरमधून येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

सेंटर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, इतका की त्याचं तोंड फळीच्या थोडं बाहेर येईल. आत ठेवला की आवाज आधी वरच्या-खालच्या फळ्यांवर आपटतो, पुरुषी आवाज घुमतो आणि 'स', 'त', 'क' ही व्यंजनं त्यात बुडतात. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, म्हणून आवाज कितीही वाढवला तरी कळत नाही. स्पीकर कानांच्या पातळीखाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचे तुकडे लावून त्याचं तोंड वर करा. टॉर्च स्पीकरवर आडवी ठेवून पाहा, उजेड बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे.

मग मागे जाऊन वायरी तपासा. लाल टर्मिनल लालला, काळं काळ्याला, दोन्ही टोकांना. एका स्पीकरची वायर उलटी असली तरी आवाज येतोच, त्यामुळे ते चटकन लक्षात येत नाही, पण बास (खालचा, जड आवाज) पातळ होतो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. वायरचा एखादा केसाएवढा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना, हेही पाहा. अर्थात रिसीव्हर बंद करून.

'लार्ज' बदलून 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ ठेवा. हे स्पीकरच्या आकाराबद्दल नाही. खालचा बास स्पीकरने वाजवायचा की सबवूफरकडे पाठवायचा, एवढाच तो प्रश्न. भिंतीजवळ बास फुगतो, तो माईकला ऐकू येतो आणि रिसीव्हर 'लार्ज' ठरवून मोकळा होतो. सबवूफरच्या मागे स्वतःचा क्रॉसओव्हरचा नॉब असेल तर तो पूर्ण वर न्या, नाहीतर दोनदा गाळणी लागते.

सबवूफरच्या अंतराला मात्र हात लावू नका. त्याच्या आतल्या सर्किटमुळे आवाज किंचित उशिरा निघतो आणि रिसीव्हर तो उशीर मीटरमध्ये सांगतो. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तुमचे जादाचे २ मीटर म्हणजे ६ मिलिसेकंद. टेपने मोजून ३ टाकलेत तर बरोबर केलेला हिशोब मोडेल.

तार_बेतार:
टॉवर स्पीकर असतील तर मी 'लार्ज'च ठेवेन. आणि सराउंड थेट पाठीमागे नकोत. ५.१ साठी ते बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे, समोरच्या दिशेपासून ११० ते १२० अंशांवर हवेत.

कानसेन_घरचा:
सराउंडचं अगदी बरोबर. टॉवरबद्दल मात्र पटत नाही. स्पीकर बास झेपवू शकतो हे खरं, पण खोलीत बास कुठे चांगला वाजेल ती जागा आणि पुढचे स्पीकर ठेवायची जागा क्वचितच एक असते. शिवाय खालचा बास सबवूफरकडे गेला की रिसीव्हरवरचा भारही हलका होतो.

पट्टी_सहा:
ऑप्टिकलकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही! त्यातून ५.१ फक्त डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस असं दाबलेल्या स्वरूपातच जातं. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडलेलं असेल तर रिसीव्हरला दोनच चॅनल मिळतात. तिथे 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' करा. त्याहून चांगलं म्हणजे दोन्हीकडे एआरसीचं (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून रिसीव्हरला पाठवणारं) पोर्ट असेल तर एचडीएमआय वायरनेच जोडा.

रात्रीचा_खेळ:
टीव्हीत 'पीसीएम'च होतं! बदलल्यावर रिसीव्हरच्या पडद्यावर डॉल्बी डिजिटल आलं. सेंटरही पुढे ओढला, क्रॉसओव्हर ८० केला. फरक मोठा आहे, आईने आज सबटायटल लावायला सांगितलं नाही. फक्त रात्री स्फोट अजून जड वाटतात.

कानसेन_घरचा:
वा! रात्रीसाठी मेनूत 'डायनॅमिक रेंज' किंवा 'नाईट मोड' शोधा. मोठे आवाज दबतात, हळू आवाज वर येतात. दिवसा बंद ठेवा. सेंटर आणि सराउंड हलवले की ऑटो सेटअप पुन्हा करावा लागेल. माईक सोफ्याच्या पाठीवर न ठेवता स्टँडवर, कानांच्या उंचीला लावा आणि तेवढा वेळ पंखा बंद करा. रिसीव्हरने परत 'लार्ज' केलं, तर ते पुन्हा 'स्मॉल' करा. एवढं झाल्यावरही संवाद कमी वाटले तरच सेंटरची पातळी २-३ डेसिबलने वाढवा.