बी विंगमधलं पिल्लू, पार्व्हो आणि रविवारचा लसीकरण कॅम्प
(इंदिरानगर, नाशिकमधल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. बी विंगच्या पार्किंगमध्ये कुत्र्याचं जे काळं पिल्लू होतं, ते आज पहाटे गेलं. दोन दिवस उलट्या आणि रक्ताचे जुलाब चालू होते. डॉक्टरांनी टेस्ट करून पार्व्हो (कुत्र्यांचा संसर्गजन्य रोग) सांगितला होता. ज्यांच्या घरी कुत्री आहेत त्यांनी त्या बाजूला फिरकू नये. हाउसकीपिंगला फिनेलने जागा धुवायला सांगितली आहे. रविवारी सोसायटीत कुत्र्या-मांजरांचा लसीकरण कॅम्प आहे, वेळ कळवतो.

वैद्य काकू: अरेरे 🙏 वॉचमन बिचारा रोज दूध ठेवायचा त्याला.

ए-५०१: 🌸 शुभ सकाळ 🌸 आजचा सुविचार...

निकम काका: साहेब, फिनेलवर भिस्त ठेवू नका. पार्व्होचा विषाणू भलता चिवट. जमिनीत, फरशीच्या फटीत महिनोन्‌महिने टिकतो, वर्षभरही सापडतो. आधी घाण साबणपाण्याने खरवडून काढायला सांगा. मग घरगुती लिक्विड ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग असं करून ओता, दहा मिनिटं तसंच राहू द्या, नंतर धुवा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि झाडू-फडकी त्या कामाची वेगळी ठेवा, नाहीतर तोच झाडू ए विंगमध्ये फिरेल.

मृणाल (सी-३०४): काका, आमचा ब्रूनो अडीच महिन्यांचा आहे. सेव्हन-इन-वनचा (कुत्र्यांच्या एकत्रित लसीचा) एक डोस झालाय. म्हणजे सेफ ना? परवाच त्याला गोविंदनगरच्या जॉगिंग ट्रॅकला नेऊन आणलं.

निकम काका: एका डोसवर नाही गं. नीट सांगतो, सगळ्यांनाच उपयोगी पडेल. पिल्लाला आईच्या चिकातून तयार संरक्षण मिळतं. ते अंगात असेपर्यंत तेच लसीला काम करू देत नाही. आणि ते कधी ओसरेल याचा नेम नाही. एकाच विणीतल्या एका पिल्लाचं आठव्या आठवड्यात संपतं, दुसऱ्याचं चौदाव्यात. म्हणून सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, सोळा आठवडे भरेपर्यंत. लोकांना वाटतं डॉक्टर पैशासाठी बोलावतात. तसं नाहीये, कुठला डोस लागू पडेल हे बाहेरून कळत नाही म्हणून ही रांग. मधला एखादा चुकवला तर नेमक्या त्याच फटीत पार्व्हो शिरतो. शेवटचा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत त्याला खाली सोडू नकोस. कडेवर घेऊन फिरव; माणसं, गाड्या, फटाके सगळं कळू दे त्याला, पण पाय जमिनीला नको.

मृणाल (सी-३०४): बापरे. आठ किलोचा झालाय हो काका 😅

निकम काका: मग व्यायाम होईल तुझा.

तुषार (ए-४०३): आमच्या लॅब्रॅडॉरला घेतानाच ब्रीडरने सांगितलं होतं, ऑल व्हॅक्सिनेशन डन. तेव्हा तो चाळीस दिवसांचा होता.

निकम काका: चाळीस दिवसांत ऑल होऊच शकत नाही. रेबीजची लस तर तीन महिन्यांचा झाल्यावर देतात. कार्डाचा फोटो टाक बरं.

तुषार (ए-४०३): 📷 फोटो

निकम काका: बघ. तारखेच्या रकान्यात नुसती टिक आणि एक कसलीतरी सही. डॉक्टर लस देतात तेव्हा बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी असते. बाजूला डॉक्टरांचा शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर आणि पुढची तारीख. इथे यातलं काहीच नाही. दिलीच नाही असं धरून पुन्हा सुरुवात कर. दिलेली असली तरी परत दिल्याने बिघडत नाही.

वैद्य काकू: आमची मनी घराबाहेर पाऊल टाकत नाही. तिला काय गरज?

निकम काका: वहिनी, मनी बाहेर जात नाही, पण तुमच्या चपला जातात ना! मांजरांना पॅनल्युकोपेनिया होतो, पार्व्होचाच भाऊबंद. तो बुटाला, कपड्याला लागून घरात येतो. मांजरांची वेगळी लस असते, ट्रायकॅट म्हणतात. त्यात हा आणि सर्दीचे दोन विषाणू येतात. पहिला डोस दोन महिन्यांना, दुसरा तीन-चार आठवड्यांनी. रेबीज मांजरालाही होतो, तेव्हा तीही द्यायचीच. कुत्र्याची सेव्हन-इन-वन मांजराला चालत नाही, कुणी डोकं लढवू नका.

बी-२०२: या सगळ्याचा ग्रुपवर काय संबंध? कुत्री पाळणार तुम्ही आणि वास घेणार आम्ही. कॅम्प-बिंपचा खर्च मेंटेनन्समधून होणार नाही, आत्ताच सांगतो.

सेक्रेटरी: खर्च ज्याचा त्याने करायचा आहे. सोसायटी फक्त जागा देतेय.

निकम काका: संबंध आहे साहेब. पार्व्हो माणसाला होत नाही, मान्य. पण रेबीज आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आपल्यालाही होतात. लेप्टो उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतो. पावसाळ्यात बेसमेंटला जे डबकं साचतं त्यात तुमच्या नातवाने कागदी होड्या सोडल्या होत्या, फोटो ह्याच ग्रुपवर आहे. कुत्र्याच्या सेव्हन-इन-वन लसीत लेप्टोही असतो, पण त्याचं संरक्षण वर्षभराचंच, म्हणून दरवर्षी बूस्टर. रेबीजचं तर विचारूच नका. लक्षणं दिसली की औषध नाही. तीस वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढली, निफाड-सिन्नरकडे पिसाळलेल्या गाईसुद्धा पाहिल्यात. गोठ्यात माणसं त्यांच्या तोंडात हात घालून बघत असायची, काय अडकलंय म्हणून. तेव्हा आधी त्या माणसांना दवाखान्यात धाडायचो.

अश्विनी (सी-१०२): काका, यावरूनच विचारते. काल आमच्या आरवला मनीने ओरखडलं. थोडंसं रक्त आलं. आजींनी चुना-हळद लावली.

निकम काका: आधी ते धुऊन काढ. नळाच्या धारेखाली साबण लावून चांगली पंधरा मिनिटं. चुना, हळद, तिखट, कॉफी, काही भरायचं नाही जखमेत. आणि आजच सिव्हिलला घेऊन जा, रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. रक्त आलंय म्हणजे लसीबरोबर सीरम लागेल का, तेही डॉक्टर बघतील. मांजर घरचं आहे म्हणून आपल्या मनाने सोडून देऊ नकोस. वहिनी, मनीचं कार्ड असेल तर हिच्याकडे द्या आणि पुढचे दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवा.

वैद्य काकू: कार्ड नाही हो 😔 अश्विनी, मी येते तुझ्याबरोबर. रिक्षा सांगू का?

ए-१०१ आजोबा: पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागतील बिचाऱ्याला.

निकम काका: आबा, ती केव्हाच बंद झाली. आता दंडावर, चार-पाच वेळा. पोराला घाबरवू नका.

तुषार (ए-४०३): कॅम्पऐवजी मेडिकलमधून बाटल्या आणून आपणच टोचल्या तर? यूट्यूबवर आहे.

निकम काका: लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते. डिकीत तासभर फिरवलेली लस आणि साधं पाणी यात मला फरक वाटत नाही. शिवाय एखाद्याला रिॲक्शन येते, तोंड सुजतं, अंगावर गांधी उठतात. तेव्हा यूट्यूबवाला येणार का? लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं असतं ते त्यासाठीच. दिवसभर सुस्त राहिला, जेवला कमी, तर चालतं. आणि हो, गोचिडाच्या तापाचं या लसीत काही नसतं. त्याचं औषध वेगळं, ते चालूच ठेवा.

बी-२०२: आणि गेटवरची चार कुत्री? त्यांचं कोण करणार?

निकम काका: तिघांच्या कानाला कट आहे, म्हणजे नसबंदी झालेली आणि तेव्हा रेबीजची लसही दिलेली. पण ती एकदाच, त्यालाही काळ लोटला. चौथी, ती पांढरी, हिला काहीच झालेलं नाही. चौघांनाही रेबीजची द्यावी. घरच्या वीस कुत्र्यांना देऊन गेटवरची सोडली तर तहान लागल्यावर विहीर खणायची पाळी येईल.

बी-२०२: त्या चौघांचे मी देतो. मेंटेनन्समधून नको.

मृणाल (सी-३०४): 👏👏

सेक्रेटरी: ठीक. रविवारी सकाळी ९ ते १२, क्लबहाउससमोर. डॉक्टर बर्फाच्या डब्यात लस घेऊन येतील. मांजरं कॅरियरमध्ये किंवा झाकलेल्या टोपलीत, आणि त्यांना ११ नंतर आणा. जंताचं औषध आधी दिलेलं असेल तर उत्तम. ज्याला उलटी, जुलाब, ताप आहे त्याला आणू नका, डॉक्टरांना फोन करा. बी विंगच्या पिल्लांना डॉक्टर वर येऊन देतील. गेटवरच्या कुत्र्यांना वॉचमन बिस्किटावर धरून ठेवेल, बाकी कुणी हात लावू नका.

अश्विनी (सी-१०२): सिव्हिलला पोचलो. पहिलं इंजेक्शन झालं. पुढची तारीख तिसऱ्या दिवसाची दिलीय. आरव रडला नाही.

वैद्य काकू: मनीचं नाव रविवारच्या यादीत घाला हो.

सेक्रेटरी: घातलं. सी-१०३, तुमची गाडी शनिवारी रात्रीच गेस्ट पार्किंगमधून काढा, टेबल तिथे लागणार आहे.

सी-१०३: ती गाडी माझी नाही. ए विंगला विचारा.