अनुभव धागा: शिकता शिकता मधेच युनिव्हर्सिटी बदलली असेल तर सांगा (बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे खास)

शहापूरचा मामा

नमस्कार मंडळी. भाचीसाठी धागा काढतोय. तिचं बीएस्सीचं पहिलं वर्ष झालंय, कॉलेज बेळगावच्या राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीखालचं, आणि दाजींची बदली झाली कोल्हापूरला म्हणून आता दुसरं वर्ष शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात करायचं म्हणते. अंतर बघायला गेलं तर शंभर-सव्वाशे किलोमीटर, हायवेनं सरळ, पण कोगनोळी ओलांडली की राज्य बदलतं, बोर्ड बदलतं, स्कॉलरशिपची वेबसाइट बदलते, आपण मार्क्सकार्ड म्हणतो ते तिकडं गुणपत्रिका होतं. पुण्यातनं सांगलीला बदलून जाणाऱ्याला यातलं निम्मं कळणार नाही.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. कुठले कागद लागले, मागचं किती धरलं, वर्ष गेलं का राहिलं. इकडनं तिकडं, तिकडनं इकडं, परदेशात, सगळं चालेल. फक्त सीमाप्रश्नावर भांडायला इथं येऊ नका, त्याला 1956 पासून बऱ्याच जागा आहेत.

खानापूरकर

मामा, मी सेम रूटनं गेलोय, बीकॉमला. राणी चन्नम्मातनं शिवाजीला, पहिलं वर्ष पुरं करून.

टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला देतं कॉलेज आणि मायग्रेशन म्हणजे युनिव्हर्सिटी सोडल्याचा दाखला देते युनिव्हर्सिटी, हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन्ही लागतात. आमच्या ऑफिसात सांगितलं की आधी टीसी न्या मग बाकीचं बघू, पण वडील तलाठी ऑफिसात आयुष्य घालवलेला माणूस, ते म्हणाले तिकडं जागा आहे असं लेखी मिळाल्याशिवाय इथला दाखला उचलायचा नाही, आणि अडून बसले. बरं झालं, कारण टीसी काढली की इथलं तुमचं नाव गेलं आणि तिकडं सेकंड इयरला जागा नसेल तर तुम्ही कुठलेच नाही. दुसऱ्या वर्षात जागा रिकामी होते ती कुणी सोडून गेला तरच, त्यामुळं आधी कोल्हापुरात दोन-चार कॉलेजं फिरून विचारायचं, फोनवर कुणी नीट सांगत नाही.

आणि हे ऐका, मार्क कुणी बघितलेच नाहीत आधी. मागितला काय तर सिलॅबस! दोन्ही सेमिस्टरचा, पानापानावर प्रिन्सिपॉलचा शिक्का मारलेला. त्यांचे विषय आणि आपले विषय शेजारी शेजारी ठेवून बघतात, जुळले ते धरतात, नाही जुळले तर तिथल्या पहिल्या वर्षाचा तो पेपर दुसऱ्या वर्षाबरोबर लिहायचा. मी इथं लँग्वेज मराठी घेतली होती त्यामुळं तो पेपर सुटला, माझ्याबरोबरच्याची कन्नड होती त्याला परत लिहायला लागला. भाचीची लँग्वेज कुठली आहे बघा आधी.

मग एलिजिबिलिटी. कॉलेज ॲडमिशन देतं ती तात्पुरती, पक्की होते विद्यापीठानं पात्रता दिल्यावर, कारण तुम्ही दुसऱ्या राज्याच्या बोर्डाचे, पीयूसीवाले (कर्नाटकातली अकरावी-बारावी). तोवर ओरिजिनल मार्क्सकार्डं त्यांच्याकडं अडकतात. झेरॉक्स भरपूर काढून ठेवा.

शहापूरचा मामा

लँग्वेज मराठीच आहे, देवाची कृपा. सिलॅबसवर शिक्क्याचं माहीत नव्हतं.

निपाणीची

आमच्या गावाचं वेगळंच आहे ओ. निपाणीला लागून अर्जुननगर, तिथं देवचंद कॉलेज, ते कागल तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात आणि शिवाजी विद्यापीठाखाली. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, आणि डबा घरचा. त्यामुळं आमच्याकडच्या बऱ्याच पोरांना मधनं बदलायची वेळच येत नाही, सुरुवातीलाच तिकडं जातात.

माझी गोष्ट उलटी. मी मूळची कागलकडची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न होऊन हुक्केरी तालुक्यात आले. सासऱ्यांनी जवळच्या कॉलेजात चौकशी केली, प्रिन्सिपॉल चांगले होते, बसवून घेऊन सगळं सांगितलं, पण मराठी माध्यमातनं इतिहास शिकवणारं तिथं कुणी नव्हतं आणि मला कन्नड तेव्हा फक्त बाजारापुरतं. मग बदललंच नाही. शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणाकडं वळले, तेच विद्यापीठ असल्यानं मायग्रेशन वगैरे भानगड नाही. परीक्षेला माहेरी जायचं निमित्त! सासूबाई पेपर संपला तरी दोन दिवस राहा म्हणायच्या, हे पण लिहायला पाहिजे, नाहीतर सगळ्या सासवांना नावं ठेवतात.

धाग्यात सगळे बदलायचं कसं सांगतील, म्हणून म्हटलं न बदलता पण सुटतं.

वडगावचा इंजिनिअर

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी. व्हीटीयूच्या (कर्नाटकातली इंजिनिअरिंगची युनिव्हर्सिटी) आत एका कॉलेजातनं दुसऱ्यात जायचं असेल तर विषम सेमिस्टरच्या सुरुवातीला, म्हणजे थर्ड, फिफ्थ असं. दोन्ही कॉलेजांची एनओसी, तिकडं मंजूर संख्येत जागा, आणि युनिव्हर्सिटीची परवानगी. सिलॅबस एकच असल्यानं विषय जुळवायची कटकट नाही, कटकट फीची. सीईटीतनं मिळालेल्या सीटची फी आणि बदलून गेल्यावर ते कॉलेज सांगेल ती फी यात जमीन-अस्मान असू शकतं, लेखी घ्या.

पण मी ते केलंच नाही. मला महाराष्ट्रात जायचं होतं आणि राज्य ओलांडून सेकंड इयरला घ्यायला कुणी तयार होईना. एका एजंटानं 'करून देतो' म्हणून पैसे सांगितले, आमच्या काकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावला. शेवटी फर्स्ट इयरच्या फिजिक्स सायकल केमिस्ट्री सायकल, म्हणजे दोन्ही सेमिस्टर, झालेल्या असताना परत महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेला, एमएचटी-सीईटीला बसलो आणि पहिल्यापासून सुरू केलं. घरात आठवडाभर कुणी नीट बोलत नव्हतं.

यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून लिहितो. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग ॲडमिशनमध्ये उमेदवारांचे टाइप असतात, त्यात टाइप ई हा आपल्यासाठी आहे, वादग्रस्त सीमाभागातनं दहावी-बारावी केलेला आणि मातृभाषा मराठी असलेला. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांच्या यादीत आपलं गाव पाहिजे. दोन दाखले लागतात, एक गाव त्या भागात असल्याचा आणि एक मातृभाषा मराठी असल्याचा. दुसरा शाळेतनं मिळतो, पहिल्यासाठी वेळ हातात ठेवा, फॉर्म सुटल्यावर पळापळ करू नका.

आणि जातीचं. आपल्या नाडकचेरीतनं (इकडचं महसूल ऑफिस) काढलेला जातीचा दाखला तिकडं आरक्षणाला चालत नाही. इथं मराठा ओबीसीच्या 3बी गटामध्ये, तो कागद कोगनोळीच्या पलीकडं नुसता कागद. मी ओपनमधनंच गेलो.

टिळकवाडी ते ओहायो

मामांनी परदेश चालेल म्हटलंय म्हणून. व्हीटीयूचं एक वर्ष करून अमेरिकेत स्टेट युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेतली, अंडरग्रॅडलाच. आपल्याकडं सगळे एमएसलाच जातात त्यामुळं विचारायला कुणी नव्हतं.

तिकडं ट्रान्सफर हा चोरीचा मामला नाही, नेहमीचीच गोष्ट आहे, त्यांची बरीच पोरं आधी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं स्वस्तात करून मग मोठ्या युनिव्हर्सिटीत येतात. कॉमन ॲपवर (एकाच ठिकाणनं बऱ्याच युनिव्हर्सिटींना अर्ज करायची वेबसाइट) फर्स्ट इयरचा आणि ट्रान्सफरचा फॉर्म वेगळा असतो. त्यात कॉलेज रिपोर्ट म्हणून एक प्रकार आहे, तुमच्या आत्ताच्या कॉलेजनं भरायचा की हा विद्यार्थी इथं नीट आहे, शिस्तभंग वगैरे काही नाही. आमच्या डीन सरांनी आयुष्यात पहिल्यांदा तो बघितला. चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली आणि मला विचारलं 'इथं काय कमी पडलं रे तुला?' मला उत्तर आलं नाही. सही दिली त्यांनी, शेवटी लाडू पण मागितले.

क्रेडिटचं नीट समजून घ्या. व्हीटीयूच्या 2022 स्कीममध्ये पहिल्या वर्षाची 40 क्रेडिट आणि पूर्ण डिग्रीची 160. तिकडं डिग्री साधारण 120 ची. म्हणून गुणोत्तर लावून बसू नका, प्रत्येक विषय सुटा बघतात. मॅथ्स धरलं, फिजिक्स धरलं, प्रोग्रॅमिंग धरलं, बळके कन्नड (कन्नड न येणाऱ्यांसाठीचा बोलीचा पेपर) मात्र कुठल्या खान्यात घालायचं त्यांना कळेना. (मराठी पोरगा, कन्नडचा पेपर, अमेरिकेतला ॲडव्हायजर, मी त्याला बेळगाव समजावून सांगायचा नाद सोडला.) विषयांचं सविस्तर वर्णन मागतात, तास किती, लॅब किती, पुस्तक कुठलं, तर सिलॅबसची पीडीएफ जपून ठेवा. मार्क सोबत जात नाहीत, फक्त क्रेडिट जातात, जीपीए तिकडं शून्यातनं सुरू. आणि किती क्रेडिट धरली हे बऱ्याच ठिकाणी ॲडमिशन झाल्यावरच नक्की कळतं, त्यामुळं वर्ष वाचेल असं घरी आधी कबूल करू नका.

पैशाचं बोललं पाहिजे. बाहेरच्या देशातल्या ट्रान्सफर विद्यार्थ्याला स्कॉलरशिप फर्स्ट इयरवाल्यापेक्षा कमीच. फीशिवाय माझ्या वेळी सेविसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) 350 डॉलर आणि व्हिसाचे 185. बाबांनी कर्ज काढलंय, अजून फिटायचंय.

गोवावेसची

टिळकवाडी, डीन सरांचं वाचून डोळ्यात पाणी आलं राव.

क्रेडिटवरनं आठवलं. आता एबीसी आहे, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, यूजीसीनं 2021 ला आणलेली. 12 आकडी आयडी, डिजिलॉकरमधनं निघतो. मी इथनं पुण्याला एका खाजगी युनिव्हर्सिटीत गेले तेव्हा पहिला प्रश्न तोच. लॉगिन केलं तर खातं रिकामं. क्रेडिट आपण भरायची नसतात, आपल्या युनिव्हर्सिटीनं चढवायची असतात, आणि आमच्याकडनं ती चढलीच नव्हती. मागं लागून लागून करून घेतलं. भाचीला आजच खातं उघडून बघायला सांगा. क्रेडिट सात वर्षं चालतात, पण ज्यांची डिग्री घ्यायची त्यांच्याकडं निदान निम्मी करायला लागतात, म्हणजे शेवटच्या वर्षाला उडी मारता येत नाही.

दुसरं, कर्नाटकात 2021 ला एनईपीची (नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) चार वर्षांची रचना आली आणि 2024 ला परत तीन वर्षांची डिग्री झाली. महाराष्ट्रात चार वर्षांवाली चालूच आहे. त्यामुळं मोठ्या बहिणीचा सिलॅबस बघून अंदाज बांधू नका, तिच्या बॅचचं वेगळं, भाचीच्या बॅचचं वेगळं.

खानापूरकर

हां, आणि स्कॉलरशिप. इकडचं कर्नाटकाचं एसएसपी स्कॉलरशिप पोर्टल तुम्हाला बंद, तिकडं महाराष्ट्राच्या महाडीबीटीवर अर्ज, पण तिथं डोमिसाइल मागतात. दाजींची बदली सरकारी आहे का खाजगी? सरकारी असेल तर ऑर्डरची कॉपी फाइलला लावा, काही ठिकाणी उपयोग होतो.

शहापूरचा मामा

बँकेतले आहेत, राष्ट्रीयीकृत. ऑर्डर आहे.

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भाचीनं सगळं वाचलंय, एबीसीचं खातं उघडून बघितलं, एकाच सेमिस्टरची क्रेडिट दिसतात. उद्या कॉलेजात जाऊन दुसऱ्या सेमिस्टरचं विचारणार आहे आणि सिलॅबसवर शिक्के मारून घेणार आहे. तिची शाळेची टीसी कन्नडमध्ये आहे, त्याचं भाषांतर नोटरीकडनं करून चालतं का शाळेतनंच इंग्लिशमध्ये परत काढायची, कुणाला अनुभव असेल तर लिहा.

निपाणीची

शाळेतनंच काढा ओ मामा. हेडमास्तरांच्या सही-शिक्क्याची असली की तिकडचा क्लार्क काही विचारत नाही. आणि एक नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, आपला काळा दिवस) आसपास कामं ठेवू नका, डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन असतं तेव्हा पण नको, बस कुठं अडवतील सांगता येत नाही. रेल्वेनं मिरजमार्गे जायचं असेल तर तो रस्ता मोकळा.