कॅनडात बनलेली १९४७ ची शेवरलेट: मूळ रंग आणि आतले कापड कसे ठरवावे?

प्रश्न: उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. आमच्या घरी आजोबांच्या काळापासून १९४७ सालची चार दारांची शेवरलेट फ्लीटमास्टर आहे. स्टिअरिंग उजवीकडे आहे आणि बॉनेटखालच्या पाटीवर कॅनडातले ‘ओशावा, ओंटारिओ’ असे स्पष्ट वाचता येते. त्याच पाटीवर ‘ट्रिम’चा (आतल्या कापड-गाद्यांचा) रकाना कोरा आहे, तर ‘पेंट’पुढचा आकडा गंजून गेला आहे. इंजिनाचे काम इथे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातच उत्तम झाले. आता रंग आणि गाद्या राहिल्या आहेत.

गाडी सध्या क्रीम आणि मरून रंगाची आहे, पण तो रंग ती लग्नाच्या वरातींना जात असे तेव्हाचा आहे. वडिलांच्या मते ती काळी होती, आत्या निळी म्हणतात, आणि ग्लोव्हबॉक्स काढल्यावर मागच्या पत्र्यावर निळसर हिरवा रंग दिसतो. अमेरिकेतल्या रंगांचा तक्ता मिळवला, पण त्यातल्या कशाशीच तो जुळत नाही. कॅनडातल्या कारखान्याचे रंग वेगळे असत का? आत सध्या लाल रेक्झीन आहे. मूळचे काय असावे?

उत्तर: जुनी चावी

उद्यमनगरकर, कॅनडाचा तक्ता कुठे मिळेल याच्या आधी एक गोष्ट तपासावी लागेल. ही गाडी ओशावाहून रंगवून, पूर्ण बांधून आली, की सुट्या भागांच्या पेट्यांतून येऊन मुंबईत जोडली गेली?

ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना लागणाऱ्या उजव्या स्टिअरिंगच्या अमेरिकी गाड्या बहुतांशी कॅनडातून येत, कारण साम्राज्यांतर्गत व्यापाराला जकातीत सवलत होती. फोर्डचे हिंदुस्थानातले काम तर कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडेच होते. शेवरलेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालला. अशा कारखान्यात चॅसी, इंजिन आणि बॉडीचे पत्रे परदेशी असत, परंतु रंगकाम आणि गाद्यांचे काम सामान्यतः जोडणीच्या जागीच होई. आपल्या पाटीवरचा ट्रिमचा रकाना कोरा असणे हे माझ्या मते याच शक्यतेकडे बोट दाखवते. तसे असेल तर ओशावाचा तक्ता कितीही अस्सल मिळाला तरी तो आपल्या गाडीला लागू होणार नाही, मग अमेरिकेतल्या तक्त्याची तर गोष्टच सोडा.

कॅनडाच्या गाड्या वेगळ्या असत हे मात्र खरेच. १९६५ च्या वाहन करारापूर्वी अमेरिकेतून कॅनडात येणाऱ्या गाड्यांवर जकात होती, म्हणून तिथल्या छोट्या बाजारपेठेसाठी थोड्या सामग्रीत जास्त नमुने काढावे लागत. कॅनडातली १९५५ पासूनची पॉन्टिॲक याचे ठळक उदाहरण आहे: नाव पॉन्टिॲकचे, पण चॅसी आणि इंजिन शेवरलेटचे. तिथल्या गाडीचा रंग किंवा कापड अमेरिकेतल्या त्याच नावाच्या गाडीच्या पुस्तकावरून ठरवणाऱ्यांची फसगत होते ती यामुळेच.

आणखी एक. त्या काळच्या शेवरलेटच्या पाटीवरचा रंगाचा आकडा बहुधा संपूर्ण रंगसंगतीचा असे. त्यामुळे आकडा वाचता आला तरी तो रंगकंपनीच्या त्याच सालच्या नमुनापत्रकाशी ताडून पाहावा लागतो.

उत्तर: शिरोलीचा रंगारी

वरच्या उत्तराशी सहमत आहे; पुरावा गाडीच्या पत्र्यातच शोधावा. ग्लोव्हबॉक्सच्या मागची जागा चांगली आहे, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण तिथे कधी फवाऱ्याचा उडालेला रंग बसलेला असतो. दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी, डिकीच्या झाकणाची आतली बाजू आणि दाराच्या रबराखालचा पत्रा या तिन्ही ठिकाणी रंग एकच निघाला, तरच तो पहिला मानावा.

रुपयाएवढी जागा घेऊन आधी ४०० नंबरचा, मग ६०० आणि शेवटी १००० चा पेपर पाण्यात भिजवून, मधून बाहेर असा गोलाकार मारत जावा. कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळे उमटतात: बाहेर आजचा क्रीम, त्याच्या आत लांबी (पुट्टी), जुने प्रायमर, असे करत मध्यभागी उघडा पत्रा. पत्र्याला चिकटलेल्या प्रायमरवर थेट जो रंग बसलेला असेल तो मूळचा. एक थर काळा आणि त्याखाली निळा निघाला, तर आपले वडील आणि आत्या दोघेही बरोबर ठरतील. पेपर कोरडा मात्र मारू नका. जुन्या रंगांत शिसे असते आणि ती धूळ फुप्फुसात जाते.

दुसरी चाचणी थिनरची. जनरल मोटर्स त्या काळी नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरत असे, ज्याला आपल्याकडे आजही सगळे ड्यूको म्हणतात. कापसाच्या बोळ्यावर लॅकर थिनर घेऊन घासल्यास लॅकर विरघळून कापसाला लागते. भट्टीत भाजलेले इनॅमल इतक्या सहजासहजी सुटत नाही. खालचा थर विरघळला, तर तो जुन्या पद्धतीचा आहे एवढे नक्की म्हणता येईल.

आता तुमच्या निळसर हिरव्याबद्दल. हे लॅकर वयोमानाने पिवळे पडते आणि निळ्यावर पिवळी छटा चढली की तो हिरवट दिसतो. त्यामुळे तुमचा रंग मुळात निळाच असण्याची दाट शक्यता आहे. नमुना जुळवायला देण्यापूर्वी, उजेड कधीच न लागलेली जागा रबिंग कंपाउंडने हलकेच घासून तिथला रंग मशीनला दाखवावा. रंगाच्या दुकानातले मशीन समोर असेल तीच छटा मोजते, पिवळेपणासकट.

उत्तर: गादीवाला

आतल्या बाजूबद्दल थोडक्यात लिहितो. लाल रेक्झीन बहुधा नंतरचे असावे. कॅनडा-अमेरिकेत त्या काळच्या बंद गाड्यांना लोकरीचे किंवा रेघांचे कापड असे, पण आपल्या हवेत ते घाम आणि कसरीने लवकर संपे, म्हणून इकडे चामडे किंवा रेक्झीन पसंत केले जाई. गाद्या उलट्या करून लोखंडी चौकटीच्या कडेला पाहा. जुनी तार-कडी किंवा खिळा जिथे शिल्लक असतो, तिथे त्याच्याखाली बोटभर मूळ कापड किंवा चामडे अडकून राहिलेले असते. स्प्रिंगवरचे तरट आणि काथ्या फेकून देऊ नका. जाडी आणि बसण्याची उंची त्यावरूनच कळते. कोल्हापुरात चामड्याला तोटा नाही, परंतु चपलेचे चामडे गादीसाठी कडक पडते. मऊ, गाद्यांसाठी कमावलेलेच मागा. डॅशबोर्डवर लाकडाच्या रेषांचा छाप दिसत असेल, तर त्याच्यावर कोणालाही रंग मारू देऊ नका.

उद्यमनगरकर

सर्वांचे आभार. उंबऱ्याची पट्टी काढून पेपर मारला. पत्र्यावर तांबडे प्रायमर, त्यावर गडद निळा, मग काळा, मग क्रीम असा क्रम निघाला. डिकीच्या झाकणातही हेच आहे, आणि निळा रंग थिनरने लगेच सुटला. गादीच्या चौकटीखाली तपकिरी चामड्याचा तुकडा सापडला. आता दोन शंका: हा निळा मुंबईचा असेल तर त्याला मूळ म्हणायचे का? आणि तो लॅकरमध्येच मारायचा का?

उत्तर: जुनी चावी

मूळच म्हणायचे. गाडी विक्रीला पहिल्यांदा ज्या रंगात उभी राहिली तो तिचा कारखान्याचा रंग. तो फवारा ओशावात मारला की शिवडीत, याने फरक पडत नाही. याउलट कॅनडाच्या पत्रकातला एखादा सुंदर रंग निवडून त्याला मूळ म्हणणे मला अजिबात पटत नाही. रंग बदलण्यापूर्वी आरसी पुस्तकात काय नोंद आहे ते पाहून आरटीओकडे अर्ज करावा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, आणि त्यासाठी चॅसी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही.

उत्तर: शिरोलीचा रंगारी

गाडी प्रदर्शनापुरती काढणार असाल तर लॅकर मारा. त्याची खोल, मऊ चमक दुसऱ्या कशाला येत नाही, पण अनेक हात आणि भरपूर पॉलिश लागते, आणि उन्हात ते तडकते. गाडी चालवणार असाल तर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा) पॉलियुरेथेन रंग घ्या, मात्र वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, न देता एकाच थराचा साधा रंग मारा. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी पाहिल्यापासून इथे प्रत्येकाला काचेसारखी चकाकी हवी असते, परंतु १९४७ च्या शेवरलेटला ती नव्हती. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, म्हणून रंगाऱ्याला बाहेरची हवा पुरवणारा मास्क दिल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. आणि डिकीच्या आतला तळहाताएवढा जुना निळा तसाच राखा, पुढे कोणाला ताडून पाहायचा असेल तर उपयोगी पडेल.