३८१ दिवस बसमध्ये पाय न ठेवता लोक कामावर गेले कसे?

बर्डीवाला:
पोराले शाळेत प्रोजेक्ट दिलाय, अमेरिकेतला माँटगोमेरीचा बस बहिष्कार. सांगायला बसलो न् मीच अटकलो. काळी बाई रोझा पार्क्स १ डिसेंबर १९५५ ला बसमध्ये गोऱ्यासाठी सीटवरून उठली नाही, अटक झाली, मग मार्टिन ल्युथर किंग आले, काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवायचा कायदा गेला, एवढंच आपल्याले माहीत. पण ५ डिसेंबर १९५५ ते २० डिसेंबर १९५६ म्हणजे वर्षाच्या वर झालं ना, इतके दिवस धुणीभांडी, मजुरी करणारे लोक कामावर गेले कसे? आपल्या नागपुरात दोन दिवस सिटीबस बंद राहिली तर बर्डीवरून हिंगण्याले जायचे वांधे, ऑटोवाला डबल मागून राहतो. कोणाले नीट माहीत असेल तर सांगा राजे हो.

नंदनवन_काका:
तिथले काळे टॅक्सीवाले डबल नाही, उलट बसएवढेच घेत होते, १० सेंट. मग पालिकेनं जुना नियम बाहेर काढला, ४५ सेंटच्या खाली घेतले तर कारवाई. तेव्हा ज्यांच्याकडं कार होती त्यांनी कार काढल्या, साधारण ३००, ठरलेल्या जागी लोक उभे राहायचे आणि गाडी भरली की निघायची, आपल्या शेअर ऑटोसारखंच समजा. गाड्यांचे विमे रद्द व्हायला लागले तर थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा आणला. बाकी लोक पायी. आणि बसमधला अपमान काय होता ते पोराला नक्की सांगा: पुढच्या १० सीटा गोऱ्यांच्या, रिकाम्या असल्या तरी बसायचं नाही, पैसे पुढच्या दारानं द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दारानं चढायचं, तेवढ्यात ड्रायव्हरनं बस पळवली तर पैसेही गेले. प्रवाशांत जवळपास तीन चतुर्थांश काळेच, म्हणजे बस यांच्याच पैशावर चालायची!

बर्डीवाला:
बापरे. पण पेट्रोलचा पैसा कोण देत होता?

इंदोऱ्याची_ताई:
भाऊ, चर्चमधल्या वर्गणीतून आणि बाहेरच्या देणग्यांतून. पण मला आवडते ती जॉर्जिया गिलमोर, स्वयंपाकीण होती. बायकांनी घरी केक, ‘पाय’ नावाचा भाजलेला पदार्थ, चिकन सँडविच करून विकायचं आणि पैसे बहिष्काराच्या सभेत आणून द्यायचे. कुठून आले विचारलं तर म्हणायचं, कुठूनच नाही. गटाचं नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, कारण नाव फुटलं की मालकीण कामावरून काढणार. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर आमच्या वस्तीतल्या बायका पहाटेपासून पुऱ्या तळतात ना, मला त्याच दिसतात. आणि १९५६ चा तो १४ ऑक्टोबर याच ३८१ दिवसांत येतो बरं का, इथं बाबासाहेब दीक्षा देत होते तेव्हा तिकडं लोक पायीच चालत होते.

फुकटचा_वकील:
एक दुरुस्ती. बसचा कायदा पार्क्सच्या केसनं गेला नाही. ती केस वेगळी, ब्राउडर विरुद्ध गेल, त्यात चार बायका होत्या, त्यातली क्लॉडेट कोल्विन तर २ मार्च १९५५ लाच सीट न सोडल्यानं पकडली गेलेली, वय १५. सुप्रीम कोर्टानं १३ नोव्हेंबर १९५६ ला त्यांच्या बाजूनं निकाल कायम केला. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला मागणी वेगळं बसवणं बंद करा अशीही नव्हती, नीट वागवा, काळ्यांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून बसत यावं, बसलेल्याला उठवू नका, अशी होती.

बर्डीवाला:
लई झालं भाऊ, धन्यवाद सगळ्यांले. पोरगं आता चार्टवर त्या १५ वर्षांच्या पोरीचंच चित्र काढून राहिलंय, रोझा पार्क्सले कोपऱ्यात ढकललं त्यानं. उद्या मॅडम काय म्हणतात पाहू.